जोदान घेणं म्हणजे उद्धटपणा का?

नागोयाकर
सहा वर्षं झाली, इथे नागोयात केन्दो, म्हणजे जपानी तलवारबाजी, खेळतोय. दुसरं दान, म्हणजे दुसरी श्रेणी, मिळूनही वर्ष उलटलं. परवा सराव संपल्यावर सेन्सेईंना, म्हणजे गुरुजींना, विचारलं, जोदान पवित्रा शिकू का? ते नुसते हसले आणि शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, पिशवीत भरायला लागले. बाहेर आल्यावर एका सीनियरने कानात सांगितलं, "चौथं दान होऊ दे. वरिष्ठांसमोर जोदान घेतलं की उद्धट दिसतं."

केन्दो न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. चुदान हा सगळ्यांना आधी शिकवतात तो पवित्रा: उजवा पाय पुढे, डावी मूठ बेंबीसमोर, शिनाईचं टोक समोरच्याच्या गळ्यावर रोखलेलं. याला पाण्याचा पवित्रा म्हणतात. जोदान हा आगीचा. त्यात बहुधा डावा पाय पुढे, डावी मूठ कपाळाच्या वर, शिनाई डोक्यावर मागे तिरकी. वार बहुतेक वेळा एकट्या डाव्या हाताने.

चिबा मासाशी १९६६, १९६९ आणि १९७२ अशा तीन वेळा अखिल जपान विजेते झाले ते जोदानवर. १९७१ साली कावाझोए तेत्सुओ जिंकले तेव्हा तर ते कॉलेजात शिकत होते. मग आम्हीच दान मोजत का बसायचं?

हजार सुबुरी
नावंच मोजायची तर मियाझाकी मासाहिरो सहा वेळा जिंकलेत, चुदानवर. असो, यादीने काही ठरत नाही.

चुदानमध्ये दोन शिनाईंची टोकं एकमेकांना लागलेली असतात. समोरचा घाबरलाय की डाव टाकतोय, हे त्या टोकातून हाताला कळतं. तुम्ही शिनाई डोक्यावर नेलीत की ते बोलणंच बंद. सहा वर्षांत तुम्हाला ते ऐकू यायला लागलं असेल तर आनंद आहे. मला बारा वर्षं लागली. आणि "मधला पवित्रा ही सेनापतीची जागा" या अर्थाचं कोण लिहून गेलंय? दोन तलवारी घेऊन लढणारा जुना जपानी तलवारबाज मुसाशी!

नागोयाकर
अहो, मुसाशीच्या त्याच ग्रंथात ‘पवित्रा आहे आणि नाहीही’ असंही आहे की. सोयीचं तेवढंच का उचलायचं?

आणि जोदानवाल्याला फुकट काही मिळत नाही. चुदानमध्ये मनगटावरचा गुण फक्त उजव्या हाताचा. हात वर नेले की डावं मनगटही उघडं पडतं. सेन्सेई नसताना एका मित्रासमोर घेऊन पाहिलं. त्याने टोक जरा उचलून माझ्या डाव्या मुठीवर रोखलं आणि दहा मिनिटांत चार वेळा तिथेच हाणलं. दोन वार हातमोज्याच्या वर, उघड्या हातावर. कोपराखाली अजून जांभळं आहे. याला माज म्हणणाऱ्यांनी एकदा उभं राहून बघावं.

हजार सुबुरी
सेन्सेई नसताना? तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत राव. 😀

काठावरचा
दोघंही स्पर्धेपुरतं बोलताय. १९१२ साली ठरलेल्या निप्पोन केन्दो काता, म्हणजे दोघांनी ठरल्याप्रमाणे करायचे डाव, आठवा. दहा काता, सात मोठ्या तलवारीच्या, तीन छोट्या. पहिल्याच कातात दोघंही जोदानमध्ये पुढे येतात. पाचव्यात एक जोदान, दुसरा त्याच्या डाव्या मुठीवर टोक रोखून. म्हणजे दानच्या परीक्षेसाठी जोदान घोकायचं आणि सरावात घेतलं की उद्धट!

चौथा काता तर माझा लाडका. एकाची तलवार उजव्या गालाशी उभी, तो हास्सो. दुसऱ्याने ती उजव्या बाजूने मागे नेलेली, तो वाकी. वाकीत पात्याची लांबी समोरच्याला दिसत नाही. खऱ्या तलवारींच्या काळात त्याला अर्थ होता, कोणाची किती लांब हे माहीत नसायचं. आता पुरुषांच्या शिनाईची कमाल लांबी १२० सेंमी, सगळ्यांना पाठ. लपवणार काय? म्हणून सामन्यात वाकी दिसत नाही. त्याला कोणी उद्धट म्हणून घालवला नाही, उपयोग संपला आणि तो गेला. जोदानचा उपयोग अजून संपलेला नाही.

नियमांचा किडा
उपयोग बराचसा नियम ठरवतात हो. एके काळी जोदानवाल्याच्या छातीवर टोचलं तरी गुण मिळायचा. १९९५ साली तो काढला. दोन तलवारींचं तर विचारूच नका. सांघिक सामन्यात बरोबरी ओढायला कॉलेजची पोरं नुसता बचाव करत उभी राहायची, म्हणून विद्यार्थी स्पर्धांत त्यावर कितीतरी वर्षं बंदी होती. पवित्रा बदनाम होतो तो वापरणाऱ्यांमुळे. तुमच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, आधी कोणी जोदानच्या नावाखाली सरावच टाळला असेल, सेन्सेईंचं हसू त्याचं असेल.

हजार सुबुरी
हे पटलं. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं जोदान मागतात ती चुदानमध्ये मार खाऊन कंटाळल्यावर. नागोयाकर, प्रामाणिकपणे सांगा, तुमचं तसं नाही ना?

नागोयाकर
... थोडं तसं आहे. उंच आहे, हात लांब, आणि चुदानमध्ये एक सत्तरीचे आजोबा मला पुढे येऊच देत नाहीत.

पण मागणी मागे घेत नाही. रोज डाव्या एका हाताने शंभर सुबुरी, म्हणजे हवेतले वार, चालू केल्यात. करंगळी सैल पडली की शिनाई हातात फिरते आणि वार चपटा बसतो, एवढं कळलंय. चौथ्या दानापर्यंत हेही करू नये का?

हजार सुबुरी
करा की. फक्त त्या आजोबांसमोर चुदानच घ्या.

काठावरचा
मी असतो तर त्यांच्यासमोरच घेतलं असतं. ‘शित्सुरेई शिमासु’ म्हणून आधी माफी मागायची पद्धत आहेच की.