मदत हवी आहे: 'मास्टर अँड कमांडर' पोरांना दाखवावा का?

नमस्कार मंडळी, आमच्या पेठेतल्या तालमीत आठवी ते दहावीच्या पोरांना एक पिक्चर दाखवायचा विचार चाललाय आणि मी २००३ चा पीटर वेअरचा 'मास्टर अँड कमांडर' सुचवलाय, पण आमच्यातच दोन गट पडलेत. एक म्हणतंय लई भारी, दुसरं म्हणतंय लई संथ, मधला तासभर नुसतं जहाज आणि पाणी, पोरं उठून जातील.

मला सोता तो मधला भागच जास्त आवडतो. १८०५ चं साल, इंग्रजांचं छोटं जहाज आणि मागं लागलेलं मोठं फ्रेंच जहाज, मग रात्री तराफ्यावर कंदील लावून तो सोडून द्यायचा आणि आपण अंधारात गुपचूप दिशा बदलायची, म्हणजे शत्रू कंदिलामागंच जाणार, हे बघताना आपल्याला गनिमी कावाच आठवतोय की राव! पिक्चर झाला की कान्होजी आंग्रे आणि गुराब, गलबतं असली मराठ्यांची लढाऊ जहाजं यावर पोरांशी बोलायचंय.

अडचण एवढीच की त्यात बारा-तेरा वर्षाच्या पोराचा हात कापतात, डॉक्टर सोताच सोताच्या पोटातली गोळी काढतो, ते बारकी पोरं बघतील का? तुमच्या घरात कुणी पोरांसोबत बघितला असंल तर खरं सांगा, कंटाळली का, घाबरली का? आणि मराठी नाहीतर निदान हिंदी सबटायटल कुठं मिळतील? दिवाळीच्या सुट्टीत दाखवायचाय, जरा लवकर कळवा.