'आमचा घरी असं करत नाही' म्हणणारे पालक खोटं बोलतात?

मनीषनगरची आई:
काल एका टीचरनी इथे लिहिलं, "पोट्टे घरी लाडावता, शाळेत चावले की 'आमचा असं करतच नाही' म्हणता. खोटं बोलणं बंद करा." खोटं? माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा. घरी मोठी माणसंच. खेळणं हिसकायला कोणी नाही. वर्गात तीस मुलं आणि एक सायकल. मानसशास्त्रज्ञ अकेनबाख आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मुलांच्या वागण्यावरचे 119 अभ्यास एकत्र तपासले. आई-वडिलांसारख्या एकाच नात्यातल्यांच्या मतांत सहसंबंध (मतं किती जुळतात; 1 म्हणजे पूर्ण जुळली) सरासरी 0.60, पालक-शिक्षकांसारख्या वेगळ्या नात्यांत 0.28. सगळेच पालक खोटारडे का?

बालवाडीताई, महाल:
आकडे राहू द्या. तुम्ही एक लेकरू पाहता, आम्ही एकाच वयाची पंचवीस. वेगळं वागणारं आम्हाला आधी दिसतं. एका मुलीचे कान तपासा म्हटलं तर आईनं बोलणंच टाकलं. शेवटी तपासले, एका कानानं कमी ऐकू येत होतं.

त्रिमूर्तीनगर:
व्हॅनचं काऊन कोणी बोलत नाही? माझी मुलगी शाळेत गुणी, घरी आल्यावर वस्तू फेकते. एप्रिलात पारा 42 च्या वर, भरदुपारी व्हॅनमध्ये पोट्टे कोंबलेले, दप्तरं मांडीवर. टीचर म्हणते, घरीच काहीतरी बिघडलंय!

हिंगणा रोड:
मग व्हॅन लावता कशाला? तीन वर्षांच्या लेकराला दहा किलोमीटर पाठवायचं आणि रडायचं. गल्लीतल्या अंगणवाडीत टाका.

त्रिमूर्तीनगर:
आम्ही दोघंही नोकरीवर. अंगणवाडी सुटली की तिला आणायला तुम्ही येणार का?

हिंगणा रोड:
माझी बायको सेविका आहे. पोषण आहार, लसीकरण, वरून रजिस्टर, तरी प्रत्येक लेकराचं घर तिला माहीत आहे. तुमच्या महागड्या शाळेतल्या टीचरला तुमचं घर तरी माहीत आहे का?

त्रिमूर्तीनगर:
घर माहीत नाही, हे खरं. पण फीवरून बोलू नका.

मनीषनगरची आई:
ताई, कानांचं तुम्ही बरोबरच केलं, मानावंच लागेल. पण तुम्ही पाहिलं ते नेमकं सांगितलंत. माझ्या मुलाच्या डायरीत फक्त "वर्गात त्रास देतो". कोणाला चावला, आधी काय झालं, काहीच नाही. यावर मी घरी करू काय?

बालवाडीताई, महाल:
मदतनीस नसताना पंचवीस डायऱ्या भरून दाखवा. पण चावल्याचं तरी सविस्तर लिहायला हवं, एवढं मान्य. तुम्हीही लिहून पाठवा: रात्री कधी झोपला, मोबाइल किती पाहिला.

मनीषनगरची आई:
मोबाइल आणलातच! पाठवते. जेवतानाचा धरून.

त्रिमूर्तीनगर:
आणि व्हॅनमधलं कोण लिहिणार? तिथे ना आम्ही असतो, ना टीचर.