फोनला पहिल्यांदा वायफाय जोडताना : सातारा-सांगलीकरांनो, लिहा

आता खेड्यापाड्यात इंटरनेटची फायबरची वायर पोचली आहे. पण जोडून देणारा माणूस गेला की प्रश्न सुरू होतात. पासवर्ड बरोबर आहे तरी जोडत नाही, खूण दिसते पण व्हॉट्सॲप हलत नाही, माजघरात रेंज नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहावं. किस्से नकोत, पायऱ्या आणि आकडे द्या.

सुरुवात मी करते. राउटरच्या, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याच्या, पोटाखाली स्टिकर असतो, त्यावर वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. बऱ्याचदा तिथे दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. लोक नेमका दुसरा टाकतात. टाइप करताना डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारा, म्हणजे अक्षरं दिसतील. शून्य आणि ओ, एक आणि एल इथेच घोळ होतो. पासवर्ड किमान 8 अक्षरांचा असतो, त्यामुळे तेवढी भरेपर्यंत जोडण्याचं बटण दबतच नाही. फोन बिघडलेला नसतो.

कराड
ताई, यात एक भर. वायफायचा पासवर्ड बदलला की फोन जुनाच पासवर्ड रेटत बसतो. वायफायच्या नावावर दाबून धरा, ‘फरगेट’ करा, नव्याने जोडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

सातारा, पेठेतला वाडा
रेंजबद्दल. बहुतेक राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतात : 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. 5 चा वेग जास्त, पण भिंतीतून जाताना तो लवकर दमतो. 2.4 हळू, पण लांब पोचतो. जुन्या वाड्याच्या काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंतीपुढे 5 ची डाळ शिजत नाही. सोप्यात 5 ला जोडा, माजघरात 2.4 ला. दोन्हींचं नाव एकच असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वेगवेगळं करून घ्या.

राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा पाण्याच्या टाकीशेजारी ठेवू नका. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. काही स्वस्त फोनमध्ये 5 ची सोयच नसते, मग ते नाव यादीत दिसणार नाही. आणि मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना 2.4 अडखळतं, ते ओव्हनमुळेच.

सांगली, विश्रामबाग
सगळ्यात जास्त गल्लत ‘जोडलंय पण इंटरनेट नाही’ यात होते. फोन ते राउटर हा एक रस्ता, राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा. वायफायच्या पंख्यासारख्या खुणेवर उद्गारचिन्ह आलं तर पहिला ठीक आहे, दुसऱ्याची गडबड आहे.

आधी घरातला दुसरा फोन बघा. दोन्हींवर नेट बंद असेल तर फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहा. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर वायरीतून प्रकाशच येत नाही, फोनच्या सेटिंगला हात लावू नका, कंपनीला कळवा. फायबर म्हणजे काच. बांगडीपेक्षा लहान वेटोळं केलं की प्रकाश बाहेर गळतो. तिचं टोक डोळ्यासमोर धरू नका.

एकाच फोनला अडचण असेल तर तीन गोष्टी तपासा. तारीख-वेळ चुकली असेल तर सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) बंद करा. आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये (डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) काही भरलं असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’ करा. जाहिराती थांबवायला कुणीतरी सांगितलेलं नाव तिथे घालायचं आणि विसरायचं, हा हल्ली नवा रोग आहे.

मिरज
स्थानकावरच्या वायफायला पासवर्ड नसतो. जोडल्यावर पान उघडतं, त्यात मोबाइल नंबर टाकून ओटीपी भरायचा. पान आलं नाही तर मोबाइल डेटा थोडा वेळ बंद करून ब्राउझर उघडा. बँकेचं काम तेवढं स्वतःच्या डेटावरच करा.

पाटण
डोंगरात फायबर आहे पण मोबाइलची रेंज नाही, अशा घरांत ‘वायफाय कॉलिंग’, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल, चालू करा. सिमच्या सेटिंगमध्ये मिळतं. फोन आणि सिमची कंपनी, दोघांकडे सोय हवी. मात्र लाईट गेली की कॉलही गेला. म्हणून राउटरला छोटा यूपीएस (लाईट गेल्यावर वीज पुरवणारा बॅटरीचा डबा) जोडा. घेण्याआधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा, बहुतेकांवर 12 व्होल्ट असतं. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत; अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा हवा. फक्त राउटरला दिलात तर पंख्याची खूण दिसत राहील आणि उद्गारचिन्हही.

कराड
पाहुण्यांना पासवर्ड सांगत बसू नका. अँड्रॉइड 10 पासून जोडलेल्या नावाशेजारी ‘शेअर’ असतं, क्यूआर कोड येतो, समोरच्याने कॅमेरा धरायचा. राउटरला डब्ल्यूपीए3 (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) लावलं असेल तर जुना फोन तरीही जोडणार नाही. ‘डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3’ असा मिश्र पर्याय निवडा.