कानबाईच्या रात्री रेकॉर्डर सहा तास चालवायचाय, फवारणी पंपाची बॅटरी चालेल का?

तापीकाठ
नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्री कानबाईची (खान्देशातल्या देवीच्या उत्सवाची) गाणी रेकॉर्ड करायची आहेत, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात. स्टँड एकाच जागी, रात्री ११ ते पहाटे ५. ५ इंची मॉनिटर-रेकॉर्डर कॅमेऱ्याला एचडीएमआयने जोडलेला. वेगळा डीसी जॅक नाही. मागे फक्त एनपी-एफ (कॅमेऱ्याच्या सामानाला लागते ती) बॅटरीची प्लेट आहे आणि तिच्यावर ७.२ व्होल्ट लिहिलंय. खप १५ वॅट. गावात लाइटचा भरवसा नाही. हाताशी दोन गोष्टी आहेत: २०,००० एमएएचची पॉवरबँक आणि फवारणी पंपातली १२ व्होल्ट १२ एएच लेड-ॲसिड बॅटरी. कोणती घेऊ, जोडू कशी?

सोल्डरवाला
पंपाची बॅटरी चालेल, पण थेट जोडू नका. ७.२ व्होल्टची प्लेट म्हणजे दोन सेल, पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट. त्यावर १२.७ व्होल्ट दिले तर बोर्ड जाण्याची भीती आहे. मध्ये बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल, हवा.

सामान: एनपी-एफची डमी बॅटरी (आकार बॅटरीचा, आत सेल नाहीत, फक्त वायर), एक्सएल४०१५ चिपचं बक मॉड्यूल, ३ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, १ चौरस मिमीची दुपदरी वायर, मल्टीमीटर. एलएम२५९६ चिपचं मॉड्यूल स्वस्त मिळतं आणि कागदावर ३ अँपिअरचं आहे, पण हीटसिंकशिवाय २ अँपिअरच्या आसपासच चटका देतं. तुमचा करंट ८ व्होल्टला १.९ अँपिअर येतो, म्हणून ते नको.

आधी नुसतं मॉड्यूल बॅटरीला लावा आणि स्क्रू फिरवून आउटपुट बरोबर ८.० व्होल्ट करा. स्क्रू बरेच वेढे फिरतो, सुरुवातीला काहीच हलत नाही असं वाटेल. सेट झाला की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे हादऱ्याने सरकणार नाही. मग डमी जोडा आणि तिच्या टोकांवर प्लस-मायनस मीटरने तपासा. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. हे सगळं झाल्यावरच रेकॉर्डर.

फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी लागून. लेड-ॲसिड शॉर्ट झाली तर वायर लाल होईपर्यंत करंट देते, ती स्वतःहून बंद पडत नाही.

धुळे_बॅकअप
पॉवरबँकेचा हिशेब: २०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेलं असतं, म्हणजे ७४ वॅट-तास. व्होल्टेज बदलताना होणारी घट धरून हाती ६० च्या आसपास. तुम्हाला ९० हवेत. चार तासांत खेळ खलास.

शिवाय पीडी ट्रिगर केबलने (यूएसबी-सी पोर्टकडून ठरावीक व्होल्टेज मागून घेणारी केबल) ९ व्होल्ट घेतले तर ८ वर उतरवायला कन्व्हर्टरला जागाच उरत नाही. घ्यायचे तर १५ व्होल्ट घ्या. आणि त्याच पॉवरबँकेला कुणी मोबाईल लावला की अनेक पॉवरबँका सगळ्या पोर्टची बोलणी नव्याने करतात, क्षणभर वीज तुटते आणि रेकॉर्डिंग तिथंच मरतं. लग्नघर असो की कानबाई, मोकळं पोर्ट दिसलं की कुणीतरी चार्जर खुपसतंच.

तापीकाठ
बॅटरी दोन हंगाम वापरलेली आहे. गर्दी असते, म्हणून ती ५ मीटर लांब ओट्यावर ठेवायचा विचार आहे. चालेल?

सोल्डरवाला
चालेल, फक्त कन्व्हर्टर रेकॉर्डरजवळ ठेवा, बॅटरीजवळ नाही. लांब वायर १२ व्होल्टच्या बाजूला असेल तर करंट १.४ अँपिअर आणि १ चौरस मिमीमध्ये जाऊन-येऊन १० मीटरला पाव व्होल्ट पडतो. तो कन्व्हर्टर सांभाळून घेतो. उलट केलं आणि स्पीकरची बारीक वायर वापरली, तर ८ चे साडेसहा होतील आणि मीटर बॅटरीवर सगळं ठीक दाखवत असताना रेकॉर्डर बंद पडेल.

दोन हंगामांच्या बॅटरीचं १२ एएच हे आता नुसतं स्टिकर समजा. शुक्रवारी पूर्ण चार्ज करून चारचाकीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा आणि ११.५ व्होल्टपर्यंत यायला किती तास लागतात ते बघा. कन्व्हर्टरची घट धरून तुमचा भार १७ वॅट आहे, म्हणून आलेल्या तासांना सव्वाने गुणा. बल्ब चार तास चालला तर रेकॉर्डर पाच. मग शेजाऱ्याची दुसरी बॅटरी मागून ठेवा. पंपाचा १.७ अँपिअरचा चार्जर ८ ते १० तास घेतो, शनिवार त्यातच जाईल.

धुळे_बॅकअप
एक सुचवतो: लाइट असेल तोवर पंपाचा चार्जर बॅटरीला लावूनच ठेवा. कन्व्हर्टरला चार्जिंगच्या १४.४ व्होल्टचं काही वाटत नाही आणि लाइट गेली तरी मध्ये खंड पडत नाही. बॅटरीच यूपीएस झाली. आवाजात गुणगुण आली तर मात्र चार्जर काढा.

फ्रेमगणती
दोन गोष्टी राहिल्या.

रेकॉर्डरवरचं बॅटरीचं चिन्ह या जोडणीत खोटं बोलतं. कन्व्हर्टर शेवटपर्यंत ८ व्होल्ट देत राहतो, म्हणून चिन्ह पूर्ण हिरवं आणि मग एकदम अंधार. १२ व्होल्टच्या बाजूला छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावा. ११.६ दिसले की दोन गाण्यांच्या मधल्या वेळात स्वतः रेकॉर्डिंग थांबवा आणि बॅटरी बदला. तसंही तासाभराने फाइल तोडत गेलेलं बरं. वीज अचानक गेली तर एमओव्ही फाइलचा शेवट लिहिला जात नाही आणि ती उघडत नाही. तसं झालंच तर त्या डिस्कवर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका. आधी रेकॉर्डरमध्येच पुन्हा लावून बघा, काही यंत्रं अर्धवट फाइल स्वतः जुळवतात. नाहीतर त्याच सेटिंगची एक चांगली फाइल घेऊन संगणकावर अनट्रंक (तुटलेली व्हिडिओ फाइल जुळवणारा प्रोग्राम) वापरा.

दुसरं, कन्व्हर्टर माइकच्या वायरपासून हातभर लांब ठेवा आणि त्याच्या दोन्ही वायरींना पीळ द्या. बाया हळू आवाजात ओवी धरतात तेव्हा कन्व्हर्टरमुळे माइकमध्ये शिरणारी बारीक शिट्टी फार ऐकू येते.

तापीकाठ
कन्व्हर्टर आणि मीटर जळगावहून मागवतो. बल्ब शुक्रवारी सकाळी लावतो, आकडा इथेच टाकतो.