विषय: दिवाळी संध्याकाळचा सालसा बँड – दहा जण की पाच?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळी संध्याकाळला डीजे नाही. आपल्या कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडचा एक सालसा आणि लॅटिन जॅझ बँड जवळजवळ ठरलाय. जेवणं चालू असताना पाऊण तास ऐकण्यासारखं, मग नाच. बँडमध्ये दहा जण आहेत. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा, नंतर कुरकुर नको.

प्रेषक: खजिनदार

ताई, बेत झकास. पण दहा माणसं? आपल्या नाट्यसंगीताच्या मैफलीत पेटी, तबला आणि गाणारा एवढ्यात भागतं. यांच्या यादीत नुसते ताल धरणारेच तीन, वर ट्रॉम्बोन (ते लांब पितळी फुंकवाद्य) दोन! पाचांत बसवा की. वर्गणी अजून निम्म्या घरांची यायची आहे (ज्यांची यायची आहे तेही ही मेल वाचताहेत, हे मला माहीत आहे).

प्रेषक: एक सदस्य, ओकलंड

भाऊ, कात्री लावण्याआधी ही माणसं करतात काय ते ऐका. मी त्यांच्या काँगावाल्याकडे शिकतो (काँगा म्हणजे हातांनी वाजवायचा उंच ढोल). तालमीत कोपऱ्यात बसायची परवानगी आहे, तोंड उघडायची नाही.

ते तीन तालवाले एकच काम तिघांत वाटून घेत नाहीत. काँगावाला क्यूबातल्या मातान्झासचा. खालचा सगळा घुमारा त्याच्या तळव्यांचा. टिंबाले म्हणजे धातूच्या अंगाच्या उथळ ढोलांची जोडी; टिंबालेवाला उभ्याने वाजवतो आणि कडवं चालू असताना कातड्याला जवळजवळ शिवतच नाही, टिंबालेच्या धातूच्या अंगावर काडीने टकटक करत राहतो. त्याला कास्कारा म्हणतात. तिसरा बोंगोवाला, गुडघ्यांत दोन छोट्या ढोलांची जोडी धरून बसलेला, तुमच्या हिशेबी जादा. आता त्याच्याकडे नीट बघा. कडवी संपून गाणं सवाल-जवाबावर येतं, त्या भागाला माँतुनो म्हणतात. तिथे तो बोंगो खाली ठेवतो आणि एक जाड घंटा हातात घेतो. त्याच वेळी टिंबालेवालाही कास्कारा सोडून स्वतःच्या घंटेवर येतो. एकीच्या ठोक्यांमधली जागा दुसरी भरते आणि खुर्च्यांवरची माणसं उठायला लागतात. दोन्ही घंटा एकट्याने सांभाळणारे टिंबालेवाले आहेत, नाही असं नाही. पण मग त्याच्या दुसऱ्या हाताची सगळी करामत गेली.

या सगळ्याच्या तळाशी क्लावे नावाचा ठेका. दोन बारांत (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) पाच ठोके, एका बारात तीन, दुसऱ्यात दोन. पुष्कळदा तो प्रत्यक्ष कोणी वाजवतही नाही, पण दहाही जण त्याच्याच धाकात असतात. मागे एक पाहुणा ट्रंपेटवाला उलट्या बाराला शिरला. पियानोवालीने हात न थांबवता फक्त मान वर केली. बिचारा गप्प झाला आणि एक बार सोडून बरोबर आला. आणि बासवाल्याला कृपा करून ‘जरा सम दाखवा’ म्हणायला जाऊ नका. तो समेवर बहुतेक वेळा गप्पच असतो; पुढच्या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) सूर आधीच्या बाराच्या चौथ्या मात्रेला टाकून मोकळा होतो. नाचणाऱ्याचा पाय पुढे ओढला जातो तो त्यामुळेच.

दोन ट्रॉम्बोन का? १९६१ साली न्यूयॉर्कला पियानोवादक एडी पामिएरीने ‘ला पर्फेक्ता’ हा बँड काढला आणि ट्रॉम्बोनची जोडी पुढे आणली. तो जाडा, खरखरीत आवाज पुढे सालसात चांगलाच रुजला. जोडीत सूर जुळतात. एकटा ट्रॉम्बोन ट्रंपेटशेजारी उघडा पडतो.

राहिला मागे उभा राहून त्याच दोन ओळी म्हणणारा. त्याच्याभोवती बाकीचेही आवाज मिळवतात, तो कोरो. शाहिराला झीलकऱ्यांशिवाय उभं करणार का? गायिका दर खेपेला ओळ जागच्या जागी रचते. कोरो म्हणत असतो तेवढीच तिला उसंत.

प्रेषक: काकू, फ्रीमाँट

माझ्या पिढीला हे काही परकं नाही रे बाबांनो. आमच्या सी. रामचंद्रांनी, पुणतांब्याचा माणूस, १९५१ च्या ‘अलबेला’त बोंगो घुमवले होते. त्याच सिनेमात पडद्यावर चिक चॉकलेट आणि त्याचा बँड दिसतो. हा ट्रंपेटवाला मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये तेव्हा गोव्याची कितीतरी मंडळी वाजवत होती, नावं मात्र पाटीवर क्वचित यायची. म्हणून माझं मत दहाच्या बाजूने, आणि सगळ्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेवर छापा. भगवानदादांसारखं जागच्या जागी, गुडघे सांभाळून नाचता आलं म्हणजे झालं.

प्रेषक: खजिनदार

काकूंपुढे माझं काय चालणार! पण मीही थोडं वाचलं. १९२० च्या दशकात हवानात सेक्स्तेतो असत, म्हणजे सहा जण. १९२७ मध्ये सेक्स्तेतो नासिओनालने ट्रंपेट घेतला, झाले सात. लोक तेव्हाही नाचतच होते ना? मग दहाचा हट्ट कोणाचा?

प्रेषक: एक सदस्य, ओकलंड

वाचलंत हे फार बरं केलंत, आता पुढचं पानही उलटा. १९४० च्या सुमाराला आर्सेनियो रोद्रिगेसने, हा दृष्टिहीन त्रेसवादक (त्रेस म्हणजे गिटारसारखं क्यूबन तंतुवाद्य), त्याच साच्यात काँगा, पियानो आणि जास्तीचे ट्रंपेट घातले. सालसाचा बँड त्या वाटेने आलाय. तुमचे सात जण मोठ्या हॉलात मायक्रोफोनशिवाय उभे करून बघा.

तरीही पाच हा तुमचा आकडा मिळतोय, पण जेवणाच्या वेळेपुरता. आपल्या सान मातेओत वाढलेल्या कॅल जेडरचा लॅटिन जॅझ क्विंटेट पाचांचाच होता: स्वतः तो व्हायब्राफोनवर (काड्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्या), पियानो, बास आणि तालाला दोघे. ते दोघे काही काळ मोंगो सांतामारिया आणि विली बोबो होते, टिटो पुएंतेच्या बँडमधून थेट इकडे आलेले. तिथे एकेकाला लांबलचक सोलो घ्यायचा असतो, गर्दी उलट आड येते. बँडप्रमुखीणबाईंशी, म्हणजे पियानोवालीशी, बोललो. पहिल्या सेटला पियानो, बास, काँगा, टिंबाले आणि ट्रंपेट. बाकीचे पाच नाचाला येतील आणि एकाच सेटचे पैसे घेतील. थोडे वाचतील, फार नाही.

माझी एकच अट: ते पाच जण वाजवत असताना आभारप्रदर्शन नको, ‘निळी होंडा कोणाची’ नको. दिवसा शाळेत शिकवून, गोदामात राबून ही माणसं रात्री वाजवायला येतात.

प्रेषक: खजिनदार

‘थोडे’ म्हणजे किती ते आकड्यात पाठवा. मग माझी ना नाही. निळी होंडा माझीच होती.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

ठरलं तर मग. पहिला सेट पाच, दुसरा दहा. तंबोला दोन्हींच्या मध्ये.

रांगोळीवाल्यांना विनंती: गेल्या वर्षीसारखी स्टेजसमोर काढू नका, ती नाचाची जागा आहे. फराळाची टेबलं मागच्या भिंतीला. बँडच्या जेवणाची दहा पानं आधी काढून ठेवायची, उरलंसुरलं नाही. दोघं शाकाहारी आहेत. काँगा आणि टिंबाले घेऊन त्यांची व्हॅन पाच वाजता मागच्या दाराशी येईल. सामान उतरवायला चार धडधाकट माणसं हवीत, नावं याच मेलखाली लिहा.