मदत हवी आहे: ठासणीच्या रायफलला पीप साइट (खाचेऐवजी नेम धरायची बारीक छिद्राची चकती) कशी बसवावी?

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईजवळचा. आजोबांची ठासणीची रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर आली. शिकारीचा प्रश्नच नाही. रेंजवर जाऊन 50 मीटरवरचा कागद फोडायचा, एवढाच नाद.

पन्नाशी उलटली आणि घोळ सुरू झाला. नेम धरायची मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी, कागद, तिन्ही एकदम दिसत नाहीत. खाच तर धुक्यातच. वाचायचा चष्मा लावला की कागद गायब. परवा व्हिजिटिंग कार्डाला दाभणाने भोक पाडून डोळ्यापुढे धरलं, तर माशी कोरल्यासारखी स्पष्ट! (मग त्याच भोकातून कॅलेंडरवरच्या बारीक तिथी वाचत बसलो.)

तेव्हा पितळेची पीप साइट करायचं ठरवलंय. नळीच्या मागची लोखंडी पट्टी कुंद्याच्या मानेवर येते, तिच्या स्क्रूखालीच साइटचा पाय अडकवायचा, म्हणजे नळीला ड्रिल लावायला नको. खाच ते माशी अंतर आत्ता 610 मिमी आहे, ते 840 होईल. मागे 1 मिमीची चूक झाली तर 50 मीटरवर आत्ता 82 मिमीचा फरक पडतो, तो 60 वर येईल.

अडलंय ते असं: छिद्र किती मिमीचं? आणि बार उडाल्यावर धक्क्याने चकती डोळ्यावर तर येणार नाही ना?

प्रतिसाद

बाब, नळीला ड्रिल नाही हे उत्तम. मागच्या टोकालाच दारूचा दाब सर्वांत जास्त असतो. तिथे भोक नको, ब्रेझिंगही (पितळी डाख) नको.

छिद्र एकच ठेवू नका. उन्हात 1.2 मिमी झकास, पण पावसाळी अंधारात त्यातून काहीच दिसत नाही, तेव्हा 2.5 लागतं. चकत्या बदलता येतील अशा करा. एम4 (4 मिमीचे) आटे पाडा, आटे पाडायच्या टॅपआधी 3.3 मिमीचं ड्रिल. आतली बाजू काळी करा, चमक मारते.

डोळ्याचं मात्र आधी बघा. बंदूक रिकामी आहे हे नळीत गज घालून तपासा, डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. भुवई आणि चकतीत चार बोटं तरी राहिली पाहिजेत.

चकती लेथवर कुणीही करून देईल. पण 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, म्हणून बसवायला परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जा.

धागाकर्ता

देव बरें करूं! चार बोटं मोजली, तीनच भरली. पाय थोडा पुढे झुकवून करतो. आणखी एक: गोळी 12 सेंमी डावीकडे जाते. छिद्र कुठे सरकवू?

प्रतिसाद

गोळी न्यायची तिकडेच, म्हणजे उजवीकडे 2 मिमी. माशी हलवलीत तर उलट.