ऑरेगॉन ट्रेल: वाटेतली एवढी जमीन सोडून लोक पुढे का गेले?

नकाशावेडा
सध्या अमेरिकेच्या पश्चिम विस्तारावर वाचतोय आणि एका गोष्टीचा मेळच लागत नाहीये. 1840 च्या दशकात मिसुरीतल्या इंडिपेन्डन्सहून बैलगाड्या निघायच्या त्या थेट ऑरेगॉनच्या विलामेट खोऱ्यापर्यंत, म्हणजे जवळपास 3200 किमी, चार ते सहा महिने वाटेत. पण मध्ये नेब्रास्का लागतं ना, आज तिथे नजर जाईल तिथपर्यंत मका आहे. मग ती जमीन सोडून, रॉकी पर्वत ओलांडून जायची गरज काय होती? आणि दुसरं म्हणजे सिनेमात सगळे गाडीत बसून चाललेले असतात आणि सारखे हल्ले होत असतात, ते कितपत खरं?

रानवाटा
आज मका दिसतो म्हणून तसं वाटतं, पण तेव्हा त्या भागाकडे कोणी शेतजमीन म्हणून बघतच नव्हतं. 1820 मध्ये स्टीफन लाँगची मोहीम तिकडून गेली आणि त्यांच्या नकाशावर तो पट्टा चक्क वाळवंट म्हणून आला. त्यात झाडं नाहीत, आणि पूर्वेकडच्या शेतकऱ्याचं घर, कुंपण, सरपण सगळं लाकडावर, त्यामुळे जिथे झाड नाही तिथे जमीन हलकी असणार असंच तो धरून चालायचा. शिवाय कायद्यानेही तिथे वस्ती करता येत नव्हती, 1834 च्या कायद्याने मिसुरीच्या पलीकडचा मुलूख मूळ रहिवाशांचा ठरवलेला होता. उलट विलामेट खोऱ्यात भरपूर पाऊस, सौम्य हिवाळा, डोंगरांवर दाट जंगल आणि खाली मोकळी कुरणं. इकडे 1837 च्या मंदीने शेतमालाचे भाव पडलेले, मिसिसिपीच्या काठाला हिवतापाने लोक हैराण, म्हणून माणसं निघाली. 1843 मध्ये पहिला मोठा तांडा गेला, साधारण हजार माणसांचा.

जमिनीचं आमिष पण मोठं होतं. 1850 च्या कायद्याने तिथे आधीच वस्तीला असलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला 320 एकर आणि जोडप्याला 640 एकर मिळायची, त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावावर, त्या काळात ही फार मोठी गोष्ट. पण कृष्णवर्णीयांना यातलं काही नाही, 1844 पासूनच त्यांना ऑरेगॉनमध्ये राहायला बंदी घालणारे कायदे होत होते. जॉर्ज बुश नावाचा कृष्णवर्णीय शेतकरी त्याच वर्षी कुटुंबासकट आला आणि या कायद्यामुळेच कोलंबिया नदीच्या उत्तरेला प्युजेट साउंडकडे जाऊन राहिला.

जुनी_पानं
दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते. गाडीत बसून जवळजवळ कोणीच जायचं नाही, बहुतेक सगळे चालत. गाडीचा सांगाडा साधारण चार फूट रुंद आणि दहा फूट लांब, खाली स्प्रिंग नाहीत, आणि तो पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, साखर, अवजारं यांनी गच्च भरलेला. एका मोठ्या माणसामागे 90 किलोच्या आसपास पीठ घ्या असा सल्ला तेव्हाच्या मार्गदर्शक पुस्तकांत असायचा, आता पाच-सहा जणांच्या घराचा हिशोब तुम्हीच करा. घोड्यांपेक्षा बैल बरे पडायचे, स्वस्त, दमदार आणि वाटेतल्या हलक्या गवतावर टिकणारे. दिवसाला 24-25 किमी झाले की चांगला दिवस. सरपण मिळायचं नाही म्हणून पोरं बायका वाटेने बायसनचं वाळलेलं शेण गोळा करत चालायच्या, चूल त्यावरच.

निघायची वेळ पण ठरलेली. गवत उगवायच्या आधी निघालात तर बैल उपाशी, उशीर केलात तर पुढच्या डोंगरात बर्फ. 4 जुलैच्या सुमाराला वायोमिंगमधल्या इंडिपेन्डन्स रॉकला पोचलं पाहिजे असा हिशोब, त्या खडकावर लोकांनी कोरलेली नावं अजून आहेत. 1846 मध्ये कॅलिफोर्नियाला निघालेला डॉनर तांडा नवीन शॉर्टकट धरायला गेला आणि उशिरामुळे सिएरा नेवाडात बर्फात अडकला, निम्मे लोक गेले.

हल्ल्यांचं म्हणाल तर झाले, नाही असं नाही, पण खरा मारेकरी कॉलरा. 1849 नंतर तर वाटेतल्या प्लॅट नदीकाठी सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी पुरलेला. कबरी कित्येकदा मुद्दाम गाडीवाटेतच खणायचे आणि वरून गाड्या न्यायचे, लांडग्यांनी उकरू नये म्हणून. बाकी मग नदी ओलांडताना बुडणं, चाकाखाली पोर येणं, भरलेली बंदूक चुकून उडणं. गाड्यांचं रिंगण करायचे ते पण मुख्यतः जनावरं रात्री पळू नयेत यासाठी.

कुरणवासी
वरच्या दोघांचं पटतंय, पण विलामेटची ती "मोकळी कुरणं" आली कुठून हे कोणीच लिहिलं नाही आणि ते सांगायलाच हवं. ती आपोआप झालेली नव्हती. तिथले मूळ रहिवासी कालापुया लोक दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गवताला शिस्तीत आग लावायचे, त्यामुळे झुडपं माजायची नाहीत, कॅमासचे कंद चांगले यायचे, ओकची फळं गोळा करता यायची, हरणं चरायला यायची. पिढ्यानपिढ्या राखलेली जमीन होती ती. मग 1830 पासून कोलंबिया नदीकाठच्या फोर्ट व्हॅन्कूव्हर या व्यापारी ठाण्याच्या आसपास हिवतापाची साथ आली आणि काही वर्षांत त्या खोऱ्यातले बहुतेक लोक मेले. 1843 चा तांडा पोचला तेव्हा त्यांना जमीन रिकामी दिसली ती यामुळे. जे उरले त्यांच्याकडून 1855 मध्ये करार करून खोरं घेतलं आणि पुढच्या वर्षी त्यांना ग्रँड रोंड राखीव क्षेत्रात हलवलं.

वाटेवरच्या जमातींचं पण तेच. हजारो बैलांनी प्लॅटकाठचं गवत संपवलं, बायसन लांब गेले. 1851 मध्ये फोर्ट लॅरमीला लाकोटा, शायेन, अरापाहो, क्रो आणि इतर जमातींशी करार झाला, रस्ता आणि किल्ले होऊ द्या, त्याबदल्यात दरवर्षी 50,000 डॉलरचा माल, 50 वर्षं. सिनेटने मंजुरी देताना 50 ची 10 वर्षं करून टाकली. पुढच्या लढायांचं वाचताना हा करार आधी वाचा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नकाशावेडा
कालापुयांचं हे कुठेच वाचलं नव्हतं, मनापासून आभार. मग नेब्रास्का भरला कधी?

रानवाटा
1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने तो भाग गोऱ्यांच्या वस्तीला उघडला आणि 1862 च्या होमस्टेड कायद्याने थोडी फी भरून, पाच वर्षं राहून कसली तर 160 एकर. लाकूड नव्हतंच, म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून घरं बांधली, पाऊस आला की आत चिखल गळायचा. 1869 मध्ये रेल्वे आरपार झाली, 1874 मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं तेव्हा लाकडाशिवाय कुंपण घालता आलं, पाणी खोलवरून ओढायला पवनचक्क्या आल्या. तरीसुद्धा कोरड्या भागात 160 एकरांत भागेना, आणि दावा केलेल्यांपैकी कितीतरी जण पाच वर्षं पुरी व्हायच्या आतच जमीन सोडून गेले.